अष्टमीच्या दुपारचे उधाण : एका कादंबरीच्या संपादनाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण दक्षिण कोकणातील एका खाडीकाठच्या तालुक्यात घडले. लेखिका, प्रकाशक, गाव आणि खाडी यांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत, आणि गावाची ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत. या कादंबरीचा संपादक मी होतो. त्यामुळे पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत, त्यांतील काही माझ्या आहेत.

लेखिका पस्तिशीची, मुंबईत वाढलेली, चाकरमानी कुटुंबातील शिक्षिका. तिचे आजोळ खाडीकाठच्या एका वाडीत असून समोर पाण्यात एक जुवा आहे. गाळ साचून खाडीच्या मधोमध तयार झालेल्या आणि चारी बाजूंनी पाणी असलेल्या बेटाला आपल्याकडे जुवा म्हणतात. अशा जुव्यावर थोडी घरे, माड, बांध घालून राखलेली थोडी खारी शेती आणि एखादे देऊळ असते. बाजार, दवाखाना किंवा शाळा गाठायची तर होडीवाचून वाट नसते. लहानपणी मे महिन्याच्या सुटीत लेखिका आजीबरोबर या जुव्यावर जात असे, आणि तेथे रात्री बायकांकडून ऐकलेल्या गजाली, म्हणजे गप्पांतल्या गोष्टी, हे तिच्या कादंबरीचे बीज होते.

कथानक थोडक्यात असे. १९६१ च्या जनगणनेसाठी प्राथमिक शाळेतील एक शिक्षक प्रगणक म्हणून या जुव्यावर पाठवला जातो. तो फाल्गुन शुद्ध अष्टमीला पोहोचतो, घरोघर फिरतो आणि ४१ माणसे मोजतो. पुढे पौर्णिमा जवळ येते, उधाण चढू लागते आणि रात्रीच्या भरतीबरोबर पूर्वी बुडालेले खलाशी आपापल्या घरी जेवायला येऊ लागतात. बायका त्यांना पाने वाढतात, उशीर झाल्याबद्दल बोलतात, घरातल्या अडचणी सांगतात. चतुर्दशीच्या रात्री आकडा ५८ वर जातो. त्या जनगणनेचा संदर्भक्षण १ मार्च १९६१ चा सूर्योदय हा होता आणि दुसऱ्या दिवशी, २ मार्चला, फाल्गुन पौर्णिमा, म्हणजे कोकणात ऐन शिमगा होता. हे दोन दिवस असे एकमेकांना लागून आले हे लेखिकेने पंचांगात शोधून काढले होते. कादंबरीचा सगळा ताण या एका प्रश्नावर उभा होता, की सूर्योदयाच्या क्षणी घरात कोण हजर होते असे प्रगणकाने लिहावे.

हस्तलिखित माझ्याकडे आले तेव्हा मी ते दोन बैठकांत वाचून संपवले. अशी कल्पना क्वचितच हाती येते, आणि ती कच्ची राहू नये असे मला मनापासून वाटले.

अडचण

पहिली अडचण निवेदनाची होती. कादंबरी प्रगणकाच्या तोंडून सांगितलेली होती आणि हा प्रगणक सतत चकित होत होता. ‘आश्चर्य म्हणजे’, ‘विश्वास बसणार नाही, पण’, ‘अंगावर शहारा आला’ अशी वाक्ये मी पेन्सिलीने अधोरेखित करत गेलो, ती ६२ भरली. दर वेळी तो चकित झाला की जुव्यावरची माणसे एक पाऊल मागे सरकत होती आणि प्रदर्शनातील वस्तूंसारखी दिसू लागत होती. जी बाई बुडालेल्या दिराला भात वाढते, तिला त्यात नवल वाटत नाही. मग वाचकाला नवल वाटावे म्हणून निवेदकाने मधे उभे राहण्याचे कारण नव्हते.

दुसरी अडचण मला स्वतःला दिसलीच नाही. प्रकाशकाने हस्तलिखित शहरातील एका जाणत्या वाचकाकडे अभिप्रायासाठी पाठवले. त्यांनी बुडालेल्या खलाशांचे जेवण उत्तम जमल्याचे लिहिले, मात्र एक प्रकरण ‘कल्पनाशक्तीचा अतिरेक’ म्हणून काढून टाकण्याची सूचना केली. ते प्रकरण गावपळणीचे होते. त्यात देवाचा कौल घेऊन सगळा गाव गुराढोरांसह, कोंबड्या-कुत्र्यांसह घरे मोकळी टाकतो आणि तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर राहतो. कोकणातल्या वाचकाला सांगायला नको, की मालवण तालुक्यातील आचरे येथे हे ठराविक वर्षांनी आजही घडते, चिंदर गावातही घडते आणि परतीसाठी पुन्हा कौल घ्यावा लागतो. म्हणजे हस्तलिखितातील सर्वांत खरी गोष्ट अविश्वसनीय ठरली आणि रचलेली गोष्ट पटली.

या अभिप्रायामुळे जादुई वास्तववाद, म्हणजे अद्भुत गोष्ट रोजच्या जगण्याचा भाग असल्यासारखी सांगणे, या संज्ञेकडे पुन्हा पाहणे भाग पडले. जर्मन कलासमीक्षक फ्रान्झ रो यांनी १९२५ मध्ये ही संज्ञा चित्रकलेसाठी वापरली; नेहमीच्या वस्तू अतिशय नेटकेपणाने रंगवल्या की त्याच अनोळखी वाटू लागतात, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. क्यूबाचे अलेहो कार्पेंतिएर यांनी हैती पाहून आल्यानंतर १९४९ मध्ये आपल्या एका कादंबरीच्या प्रस्तावनेत निराळा मुद्दा मांडला, की त्यांच्या खंडात अद्भुत हे प्रयत्नाने घडवावे लागत नाही, ते तेथील जगण्यातच असते. लेखिकेला दुसरा मुद्दा जवळचा होता. मला मात्र पहिला अधिक कामाचा वाटला, कारण आमच्या हस्तलिखितात अद्भुत भरपूर होते आणि नेटकेपणा कमी होता.

याचा पुरावा लवकरच मिळाला. आजोळी गेलेल्या लेखिकेने पहिले प्रकरण एका वृद्ध होडीवाल्यांना वाचून दाखवले. त्यांनी कित्येक वर्षे त्या खाडीत ‘तर’, म्हणजे माणसांची ने-आण करणारी होडी, चालवली होती. पहिल्या प्रकरणात प्रगणक अष्टमीच्या भर दुपारी तुडुंब भरलेल्या खाडीतून जुव्यावर येतो. आजोबांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘बाये, तुझी बुडालेली माणसां जेवाक येतत, येवंदेत. पण अष्टमीच्या दुपारी उधाण खयसून हाडलंस?’

खाडीवर राहणाऱ्या माणसाला हा हिशेब तोंडपाठ असतो. तिथीचा आकडा घेऊन त्याचे पाऊणपट करावे, म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. आठाचे पाऊणपट सहा. म्हणून अष्टमीला भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास येते, दुपारी बाराला ओहोटी असते. शिवाय अष्टमीला भांग असतो, म्हणजे भरतीही बेताचीच. उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे. आजोबांचा आक्षेप मेलेल्या माणसांवर नव्हता, पाण्यावर होता. कादंबरीत मेलेली माणसे पाण्याच्या नियमाने येतात, आणि तोच नियम पहिल्या पानावर मोडलेला होता.

तिसरी अडचण सर्वांत नाजूक होती. नवव्या प्रकरणात देवळातले गाऱ्हाणे, म्हणजे गावाच्या वतीने देवापुढे मोठ्याने घातलेले मागणे, संपूर्ण दिले होते. लेखिकेने ते लहानपणी ऐकले होते आणि पुढे मोबाईलवर ध्वनिमुद्रितही केले होते. गाऱ्हाण्यात गावातील देवतांची, स्थळांची आणि मानकऱ्यांची नावे ठराविक क्रमाने येतात, आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेले लोक ‘व्हय महाराजा’ म्हणतात. ज्या गावाचे ते होते, तेथे मानाच्या क्रमावरून दोन घराण्यांत जुना वाद चालू होता. एका मानकऱ्यांच्या कानावर कादंबरीची बातमी गेली आणि त्यांनी लेखिकेच्या मामांना निरोप पाठवला, की छापील पुस्तकात एकदा क्रम आला म्हणजे उद्या तो पुरावा म्हणून दाखवला जाईल. तोपर्यंत गाऱ्हाण्याकडे आम्ही सुंदर भाषेचा नमुना म्हणून पाहत होतो. त्या गावात तो हक्काचा लेख होता, हे आमच्या ध्यानात आले नव्हते.

विचारात घेतलेले पर्याय

निवेदनासाठी मी सुरुवातीला असे सुचवले, की प्रगणक काढून टाकावा आणि सगळी कथा जुव्यावरच्या लोकांच्या ‘आम्ही’ या सामूहिक आवाजात सांगावी. यामुळे बाहेरच्या माणसाचे नवल आपोआप संपले असते. लेखिकेने तीन महिने खर्च करून चार प्रकरणे तशी लिहिली. भाषा गोड झाली, पण ती वाचताना आम्हा दोघांनाही अवघडल्यासारखे झाले. लेखिका त्या जुव्यावर पाहुणी म्हणून गेलेली होती. ‘आम्ही’ म्हणण्याचा तिचा अधिकार तिलाच पटत नव्हता, आणि तो संकोच वाक्यावाक्यात उतरत होता. त्याहून मोठे नुकसान असे, की प्रगणक गेल्यावर प्रवास गेला आणि प्रवासाबरोबर मोजणीचा प्रश्नही गेला. जुव्यावरच्या माणसांना आपण किती आहोत हे ठाऊकच असते. हा प्रश्न बाहेरून आलेल्यालाच पडतो. तीन महिने वाया गेले ते माझ्या सल्ल्याने.

दुसरा पर्याय तळटीपांचा होता. गावपळण, कौल, भांग, जुवा अशा शब्दांना टीपा द्याव्यात आणि मालवणी संवादांचे अर्थ शेवटी द्यावेत, असे प्रकाशकाचे मत होते. त्यामागे विक्रीची रास्त काळजी होती. माझा विरोध एवढ्यासाठी होता, की गावपळण खरी आहे असे टीपेत लिहिले की बुडालेल्या खलाशांना टीप का नाही, हा प्रश्न उभा राहतो. टीप वाचकाला खरे आणि खोटे असे दोन ढीग करायला लावते, आणि कादंबरीला नेमके तेच टाळायचे होते.

गाऱ्हाण्यासाठी तीन वाटा होत्या: नावे बदलून छापणे, नवीन गाऱ्हाणे रचणे किंवा गावाची परवानगी मागणे. नावे बदलली तरी क्रम ओळखता आला असता. परवानगी मागितली तर ती कोणत्या घराण्याकडे मागायची, हाच वादाचा विषय होता. रचलेले गाऱ्हाणे लेखिकेने लिहून पाहिले. मामांनी ते वाचले आणि हे गाऱ्हाणे कोणाच्या देवाला घातले आहे, एवढेच विचारले. त्यानंतर तिने ती पाने स्वतःहून बाजूला ठेवली.

केलेली कार्यवाही

प्रगणक परत आणला. त्याच्या बोलण्याचे वळण मात्र बदलले. तो शिक्षक आहे, सरकारी काम करतो आहे, हातात कागद आहे. त्याने नोंद करावी, उद्गार काढू नयेत, असे ठरले. पूर्वीचे वाक्य होते, ‘आश्चर्य म्हणजे बुडालेला तो माणूस खरोखरच दारात उभा होता आणि माझ्या अंगावर शहारा आला.’ त्याच्या जागी आले, ‘घर क्रमांक सात. जेवणास बसलेले सहा. त्यांपैकी एकाच्या पाटाखालची जमीन ओली आहे. पान त्यालाही वाढले आहे.’ ६२ पैकी ६१ उद्गार काढले. एक लेखिकेने हट्टाने ठेवला, जेथे प्रगणक पहिल्यांदा माडाच्या सावलीत बसून पेज पितो आणि तिची चव त्याला आईच्या हातची वाटते. माझ्या मते तो एकच उद्गार खरा होता.

मालवणी संवाद टीपांशिवाय ठेवले, आणि अर्थ पुढच्या वाक्यातून किंवा कृतीतून उमगेल याची काळजी घेतली. वहिनी बुडालेल्या दिराला ‘आज उशीर केलंस रे. भात निवान गेलो,’ असे म्हणते आणि लगेच चुलीवरचा गरम सार त्याच्या भातावर ओतते. यात समजावून सांगण्यासारखे काही उरत नाही. गावपळणीचे प्रकरण जसेच्या तसे राहिले. प्रकाशकाने थोडे आढेवेढे घेऊन ते मान्य केले, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

भरती-ओहोटीचे काम सर्वांत वेळखाऊ ठरले आणि सर्वांत फलदायीही. लेखिकेने अष्टमी ते पौर्णिमा या दिवसांचा तक्ता केला, प्रत्येक तिथीच्या भरतीच्या वेळा मांडल्या आणि प्रत्येक प्रसंग त्यात बसवून पाहिला. भरती रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते, त्यामुळे जेवणाच्या वेळाही सरकू लागल्या. जुव्यावरची घरे उधाणाच्या दिवसांत रात्री उशिरा जेवतात, हा तपशील कोणी कल्पून काढला नाही, तक्त्यातूनच आला. होडीची वेळ बदलली: प्रगणक आता अष्टमीच्या संध्याकाळी, बेताच्या भरतीवर, कांदळवनाच्या कडेकडेने जुव्याला लागतो आणि पहिली मोजणी कंदिलाच्या उजेडात करतो. त्याच ओघात आणखी एक चूक सापडली. १९६१ च्या कथेत ‘सिंधुदुर्ग जिल्हा’ असा उल्लेख होता. तो जिल्हा रत्नागिरीतून १ मे १९८१ ला वेगळा झाला.

पण खरा बदल शेवटात झाला. मूळ हस्तलिखितात १ मार्चच्या सूर्योदयाला खलाशी अजून पानांवर बसलेले होते आणि प्रगणक त्यांना मोजावे की नाही या पेचात होता. तक्त्याप्रमाणे हे शक्यच नव्हते. त्रयोदशी-चतुर्दशीची रात्रीची भरती दहाच्या सुमारास, म्हणजे ओहोटी पहाटे चारला. आणि मार्चच्या आरंभी आपल्याकडे सूर्य उगवतो तो सातच्या थोडा आधी. पाण्याबरोबर आलेली माणसे सूर्योदयापूर्वी तीन तास निघून गेलेली असणार. लेखिका हे कळल्यावर आठवडाभर खचली होती, कारण तिचा शेवटच गेला होता. मीही काही सुचवू शकलो नाही. मग तिने एका रात्रीत नवीन शेवट लिहिला. प्रगणक पहाटे घरोघर जातो. माणसे गेली आहेत, पण खरकटी पाने कोणी उचललेली नाहीत, कारण सूर्य उगवल्याशिवाय पान उचलायचे नाही अशी त्या जुव्याची रीत आहे. सूर्योदयाच्या क्षणी त्याच्यासमोर रिकामा पाट, ओली जमीन आणि अर्धे जेवलेले पान आहे, आणि खाडीत पाणी पुन्हा चढू लागले आहे. हजर कोण, हा प्रश्न पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड झाला. आजोबांच्या एका आक्षेपातून हे निघाले.

गाऱ्हाण्याचा निर्णय अखेर लेखिकेने घेतला. प्रगणक देवळात न जाता बाहेर तळीपाशी उभा राहतो. वारा समुद्राकडून असल्याने गाऱ्हाणे घालणाऱ्याचे शब्द त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. त्याला ऐकू येते ते फक्त सगळ्यांचे मिळून ‘व्हय महाराजा’, पुन्हा पुन्हा. पानावर तेवढेच छापले आहे. ध्वनिमुद्रण तिने मामांच्या स्वाधीन केले.

भातकापणी उरकल्यावर, छपाई पुरी होण्यापूर्वी, आम्ही हस्तलिखित घेऊन गावी गेलो आणि देवळाच्या सभामंडपात तीन प्रकरणे वाचून दाखवली. दोन्ही घराण्यांतील माणसे आली होती, वेगवेगळ्या बाजूला बसली होती. नववे प्रकरण वाचताना लेखिकेचा आवाज कापत होता. पहिल्या ‘व्हय महाराजा’ला सभेतून कोणीतरी सवयीने साथ दिली आणि पुढच्या प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंनी साथ आली.

निष्पत्ती

पुस्तकाच्या ५०० प्रती काढल्या. गावातून पुढे कोणतीही हरकत आली नाही. काही वाचकांनी मालवणी समजत नसल्याची तक्रार केली. तिचे निरसन आमच्याकडे नाही. माझ्या ओळखीच्या एका अभ्यासकांना नववे प्रकरण पोकळ वाटले आणि मूळ गाऱ्हाण्याची भाषा गेल्याची खंत त्यांनी बोलून दाखवली. ती भाषा मी वाचली असल्याने ती खंत मला समजते. तरीही निर्णय बदलावा असे वाटत नाही. होडीवाल्या आजोबांना पुस्तक दिले तेव्हा त्यांनी नातवाकडून आधी शेवटचे प्रकरण वाचून घेतले आणि बोटांवर वेळ मोजून मान हलवली.

वेगळे काय करता आले असते

‘आम्ही’च्या आवाजाचा सल्ला देण्यापूर्वी मी एकदा जुव्यावर जाऊन यायला हवे होते. तेथे अर्धा दिवस घालवला असता तरी पाहुण्याची जागा कोणती आणि घरच्यांची कोणती हे कळले असते. भरतीचा हिशेबही पहिल्या वाचनातच तपासता आला असता. मी स्वतः खाडीकाठी जन्मलेला असून तो माझ्या नजरेतून सुटला, कारण मी हस्तलिखित साहित्य म्हणून वाचत होतो आणि तिथी केवळ सजावट समजत होतो. अशा कादंबरीच्या संपादनात पंचांग पहिल्या दिवसापासून टेबलावर असले पाहिजे. प्रगणकाच्या कागदांवरील रकानेही आम्ही उशिराच पाहिले. आधी पाहिले असते तर निवेदनाची भाषा त्यांतून लवकर सापडली असती.

सर्वांत मोठी चूक मात्र सभामंडपातील वाचनाची होती, आणि ती त्याच दिवशी संध्याकाळी कळली. आम्ही बोलावले ते मानकऱ्यांना. विचारले तेही त्यांनाच. बायका मागे खांबांजवळ बसल्या होत्या, आणि त्यांचे मत घ्यावे असे आमच्यापैकी कोणालाही सुचले नाही. परतताना आम्ही धक्क्यावर भरतीची वाट पाहत उभे होतो, तेव्हा लेखिकेच्या आजीची एक मैत्रीण तिच्याजवळ आली. बुडालेल्या माणसांची गजाल लेखिकेने लहानपणी याच आजींच्या ओटीवर ऐकली होती. त्या म्हणाल्या, ‘गाऱ्हाणा त्यांचा, ता खरा. पण गजाल आमची, बाये.’ आवाजात राग नव्हता. लेखिकेने त्यांचे पाय धरले.

ऋणनिर्देशाचे पान तोवर छापून झाले होते. त्यात दोन्ही घराण्यांचे आणि देवस्थानाच्या मंडळींचे आभार आहेत, गजाल सांगणाऱ्या बायकांचा उल्लेख नाही. शिल्लक प्रतींमध्ये लेखिका आता हाताने एक ओळ लिहून देते. त्या ओळीत कोणाची नावे घालायची हे विचारायला ती येत्या शिमग्याला जुव्यावर जाणार आहे.